चार टायरांची आगोट

मे संपत आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर निळं प्लास्टिक चढायला लागतं आणि माझा उजवा अंगठा शिवशिवायला लागतो. वाटेत कुठलीही गाडी उभी दिसली की वाकून तिच्या टायरवर नख रोवून बघावंसं वाटतं. परवा एका अनोळखी गाडीला मी असं नख लावत होतो, तर मालक मागे येऊन उभा राहिला. "काय काका, काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, तुमचे टायर कडक झालेत." तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता, ती लक्षात ठेवायची नाही असं मी ठरवलंय.

या दिवसांना आमच्या रत्नागिरीकडे आगोट म्हणतात. पावसाच्या तोंडावरची बेगमी. लाकडं आत घ्यायची, कौलं चाळायची, मीठ-मसाला भरून ठेवायचा. मीरा रोडला कौलं नाहीत आणि लाकडंही नाहीत, पण आगोट आहे. खिडक्यांवर पत्रे ठोकले जातात. गटारातला काळा गाळ काढून तो रस्त्याच्या कडेलाच वाळत घालतात, म्हणजे पहिल्या सरीत परत गटारात जायला मोकळा. गोडदेवहून टोपली घेऊन येणारी बाई जिन्यात बसकण मारून ओरडते, "सुकट घे गो बाय, पाऊस लागला का मंग न्हाय मिलायचा!" हवा अंगाला चिकटून बसलेली असते. काहीतरी करायचं राहिलंय, असं सगळ्यांनाच वाटत असतं. मला जरा जास्त वाटतं, कारण दोन हजार सहा-सातच्या सुमारास एका मे महिन्यात मला चार टायर विकत घ्यायचे होते आणि ते काही केल्या घेता येत नव्हते.

गाडी स्पोर्ट्स कार होती. हसू नका. दोन दारं, दोन सीटा, कापडी छप्पर आणि फायबरचं लालभडक अंग. इंजिन मात्र एखाद्या गरीब घरगुती गाडीचं. घेतली तीही जुनीच. जमिनीला इतकी लागून की सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक तिरकी करूनच ओलांडावा लागायचा. चुकून सरळ घातली की पोट खरवडल्याचा असा आवाज यायचा की दुसऱ्या मजल्यावरचे मेहताभाई गॅलरीतून "संभाळीने, भाई!" म्हणून कळवळायचे. सोसायटीतल्या पोरांनी तिचं नाव लाल चप्पल ठेवलं होतं. अशा गाड्या लोक रविवारी पुसायला ठेवतात. मी तिला रोज चालवायचो, घर ते ठाणे आणि ठाणे ते घर, घोडबंदरच्या रस्त्याने.

आणि एकटा नाही. माझी बायको विद्या ठाण्याच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायची. तिची शाळा आणि माझं ऑफिस यांच्यात दहा मिनिटांचं अंतर. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो ते मोठ्या जागेसाठी, आणि मोठी जागा हवी होती ती पुढेमागे मूल होईल म्हणून. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आईचे नवस झाले. मग एके दिवशी विद्याच म्हणाली, "आता पुरे. आपण दोघं आहोत ना?" त्याच वर्षी मी ही गाडी आणली. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. गॅलरीतून वाकून तिने विचारलं, "अरे, पण हिच्यात तिसऱ्याला जागा कुठाय?" शेजारी उभी असलेली विद्या म्हणाली, "म्हणूनच तर आणली." आणि खाली येऊन, पदर खोचून, त्या लाल पोरखेळात जाऊन बसली. तेवढा आनंद मला त्याआधी आणि त्यानंतर कधी झाला नाही, हे इथे लिहून टाकतो.

सकाळी काशीमिऱ्याचा नाका सोडला की उजवीकडे जंगल सुरू व्हायचं. एप्रिलअखेर, सुट्टी लागायच्या आधी, पाड्यावरच्या बाया करवंदांचे द्रोण घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या असायच्या. गाडी इतकी खाली असायची की विद्या बसल्या जागेवरून हात बाहेर काढून द्रोण घ्यायची. उन्हाळा सरला आणि शाळा सुरू झाली की तिच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा. "हे बघ, ह्याने भाजकापेक्षा बाकी मोठी ठेवलीय आणि वर खाली दोन रेघा मारल्यात. काय आत्मविश्वास!" खाडीवरून खारट वारा यायचा, छपराचं कापड फडफडायचं, मागचा ट्रकवाला उगाच हॉर्न वाजवायचा. मी फार जोरात चालवत नसे. पण वळणावर गाडी रस्त्याला घट्ट धरून वळायची तेव्हा मला अभिमान वाटायचा, जसा काही मीच तो रस्ता बांधला होता.

मग आदल्या वर्षीचा श्रावण आला. त्याच रस्त्यावरच्या गायमुखच्या उतारावर भुरभूर पाऊस होता, समोर काही नव्हतं, वेगही बेताचा. वळण घेताना गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर गेला. बाहेर गेला म्हणजे कुणीतरी शेपटी धरून ओढावी तसा. विद्याने माझा हात धरला. रस्ता, झाडं, खाडी, सगळं एकदा डोळ्यांसमोरून फिरलं आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून थांबलो. मागून येणाऱ्या डंपरने ब्रेक मारला. ड्रायव्हर खाली उतरला, आमच्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि परत चढला. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. सगळं शांत झाल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "हात कशाला धरलास?"

लागलं का, भीती वाटली का, हे आधी विचारायला हवं होतं. ते मी नंतरही विचारलं नाही. उलट संध्याकाळी मेहताभाईंना सांगितलं की हिने हात धरला आणि स्टिअरिंग सुटलं. आईला फोनवर तेच. ऑफिसात तेच, थोडं रंगवून. आठ दिवसांत ते खरंच झालं.  गाडी फिरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी विद्या डबा घेऊन लवकर बाहेर पडली आणि नाक्यावरून ठाण्याची बस धरली. त्यानंतर रोजच. मी तिच्या पाठोपाठ त्याच रस्त्याने, त्याच दिशेला, शेजारची सीट रिकामी घेऊन जायचो. कधी सिग्नलला तिची बस बाजूला येऊन उभी राहायची. ती खिडकीत असायची आणि मी इतका खाली, की तिला दिसायचं ते बहुतेक नुसतं छप्पर.

असे दहा महिने गेले. मे उजाडला, शाळेला सुट्टी लागली. एक दिवस विद्या कोकमं वाळत घालत होती, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "शाळा उघडायच्या आत चारही टायर नवीन टाकतो. मग बसशील?" तिने मान वर न करता सांगितलं, "टाक तर आधी." एवढं माझ्यासाठी पुष्कळ होतं. मी त्याच संध्याकाळी पायांत चपला अडकवून निघालो, आणि पुढचे वीस-बावीस दिवस नुसता निघतच राहिलो.

काय काय बघितलं म्हणून सांगू! पहिला जीव जडला तो रुंद, बुटक्या टायरांवर. हायवेवरच्या एका काचेच्या दुकानात ते दिव्याखाली मांडले होते, दागिन्यांसारखे. मऊ रबर, रस्ता धरून ठेवणारं. माझी लाल चप्पल त्यांच्यावर कशी दिसेल हे मनात बघून मी दोनदा त्या दुकानावरून घरी परत आलो. तिसऱ्यांदा हाटकेश भागातल्या गाळ्यात दत्ता मेस्त्रीला विचारायला गेलो. दत्ता आमच्याच बाजूचा, राजापूरचा. गाडीचं इंजिन तोच बघायचा.

"घाला की," तो गाडीखालूनच म्हणाला. "पन रुंद टायर पान्यावर तरंगतो ओ साहेब. आनि असला बुटका टायर पहिल्याच खड्ड्यात रिम वाकवील. मग माझ्याकडंच येनार ना? घाला, घाला."

म्हणजे ते बाद. मग मी कडक रबराचे बघितले, टॅक्सीवाले घालतात ते. झिजता झिजत नाहीत, पण ओल्या रस्त्यावर धरतही नाहीत. मग खोल नक्षीचे, पाणी बाजूला फेकणारे. ते चांगले होते, पण कुणी म्हणालं, आवाज करतात. मी आवाजाचं निमित्त करून परतलो. दुसऱ्या दिवशी रंगाचं निमित्त केलं. टायरला रंग एकच असतो हे कळायला मला घरापर्यंत यावं लागलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, बोटं काळी. विद्या दार उघडायची, हातांकडे बघायची.

"आणलेस?"

"नाही. जरा बघतोय अजून."

"बघ."

मला वाटायचं, मी चोखंदळ आहे. एवढ्या साध्या गोष्टीने मला झोप कशी लागेना, जेवताना घास कसा उतरेना, एका जागी दहा मिनिटं बसणं कसं जमेना, याचा मी विचारच करत नव्हतो. पाय आपोआप नया नगरच्या दिशेने जायचे आणि एका दुकानाच्या आधीच्या चौकात आपोआप वळायचे. ते दुकान शौकतभाईंचं. मीरा रोडला आल्यापासून टायरचं जे काही काम केलं ते त्यांच्याकडेच. आणि त्या मे महिन्यात मी बारा दुकानं पालथी घातली, त्यांच्याकडे मात्र गेलो नाही.

शेवटी जूनमध्ये गेलो, कारण मागचा एक टायर पंक्चर झाला आणि गाडी नेमकी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसली. आता याला काय म्हणायचं! शौकतभाई स्टुलावरून उठले. साठीचा माणूस, मेंदीची दाढी, बनियनवर चष्मा लटकवलेला. त्यांनी मागच्या टायरकडे बघितलं, खाली उकिडवे बसले, बोटाला थुंकी लावून टायरच्या कडेचा एक चौकोन पुसला. तिथे चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

"ये देखो. सात साल का टायर है. नक्शी देखो तो नया. अंगूठा लगाओ."

मी अंगठा लावला. नख रुतेना. हे मागचे दोन टायर गाडीबरोबरच आलेले. आधीच्या मालकाने गाडी जास्त झाकूनच ठेवली, त्यामुळे नक्षी शाबूत होती आणि रबर मात्र वाळून लाकूड झालं होतं.

"पिछले साल बारिश के पहले आपने दो नये डलवाये," शौकतभाई म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मैंने बोला, साहब, नये पीछे डालो, पुराने में से अच्छे आगे. आप बोले, नहीं, आगे. आगे का टायर फिसलेगा तो हँडल में मालूम पडेगा. पीछे का फिसलेगा तो किसको मालूम पडेगा?"

मला सगळं आठवत होतं. खरं तर मी विसरलोच नव्हतो. पुढचे झिजले होते, दोनच नवे घ्यायचे होते. नवं ते पुढे, ही आमची जुनीच रीत. बाहेरच्या खोलीत नवी चादर, आतल्या खोलीत विरलेली. पाहुण्याला नवा कप, घरच्यांना कान तुटलेला. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारी बाजू पुढे. मी शौकतभाईंना हसून म्हटलंसुद्धा होतं, "अहो, पाठ कोण बघतंय?" आणि दोन महिन्यांनी पाठच फिरली.

तिथे त्या गल्लीत, ओल्या रबराच्या वासात उभं असताना मला माझ्या चोखंदळपणाचं मूळ दिसलं. चार टायर नीट निवडून घेणं म्हणजे आदल्या वर्षी मी चुकलो असं कबूल करणं. नुसते टायर आणून चालणार नव्हतं. टायर का आणले तेही सांगावं लागलं असतं. म्हणून रुंद, बुटका, कडक, मऊ, आवाज, रंग. मी टायर नाही, पळवाट शोधत होतो. मला माझी लाज वाटली. ती आजही वाटते, म्हणून तर दर आगोटीला मी लोकांच्या गाड्यांना नखं लावत फिरतो.

टायर दहा मिनिटांत ठरले. खोल नक्षीचे, कंपनीच्याच मापाचे, चारही एकाच वेळी, त्याच वर्षात बनलेले. शौकतभाईंनी प्रत्येकाचे आकडे मला वाचायला लावले, मुलाकडून पाढे म्हणून घ्यावेत तसे. मला माहीत आहे, यात स्पोर्ट्स कारला शोभेल असं काही नव्हतं. गाडी उलट थोडी बावळट दिसायला लागली.

घरी गेलो तेव्हा विद्या जेवणाच्या टेबलावर शाळेच्या टाचणवहीला खाकी कव्हर घालत होती. दोन दिवसांनी शाळा उघडणार होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण त्या वर्षी पाऊस नुसता हुलकावण्या देत होता. मी हातही न धुता समोर बसलो.

"टायर टाकले," मी म्हटलं. "आणि गेल्या वर्षी गाडी फिरली ती तुझ्यामुळे नाही. मी नवे टायर पुढे घालून घेतले, शौकतभाई मागे घाला म्हणत होते. तू हात धरायच्या आधीच गाडी सुटली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

कव्हरची एक घडी तिने नखाने दाबून नीट केली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी दुकानात तिथेच उभी होते. दोनदा सांगितलं त्यांनी तुला."

 वर्षभर ही माझ्यासोबत जेवली, टीव्ही बघितला, माझ्या आईच्या पायांना तेल लावलं, आणि हिला ठाऊक होतं. मेहताभाई "भाभी, गाडीमां हाथ नहीं पकडवानो" म्हणून चेष्टा करायचे, तेव्हा ही हसायची आणि हिला ठाऊक होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू टायर बदलले असतेस," विद्या म्हणाली. "बाकी काही नाही."

मग तिने वही बाजूला ठेवली आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "आईंना सांग."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

आई गिरगावात दादाकडे होती. मी सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "कुठला टायर? कसला टायर? जेवलास का?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. 

"म्हणजे हिने हात धरला म्हणून नाही?"

"नाही, आई. माझी चूक होती."

"मग वर्षभर मी चार घरी सांगत फिरले ते?" आई कडाडली. "आता त्या चार घरी परत जायचं म्हणजे चार जिने! माझे गुडघे काय तुझ्या नव्या टायरांवर चालतात? दे तिला फोन."

विद्याने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला म्हणाली, "हात धू. टेबलाला काळं लागलंय."

शाळा उघडायच्या सकाळी ती नेहमीसारखी डबा भरून लवकर तयार झाली. मी किल्ली घेऊन दारात उभा होतो, काही न विचारता. विचारायचा हक्क आपल्याला आहे का, हेच कळत नव्हतं. जिना उतरताना ती म्हणाली, "नाक्यापर्यंत सोड. पुढे बसने जाते."

घर ते काशीमिऱ्याचा नाका म्हणजे किती रस्ता! पण तेवढा मी जसा चालवला तसा गायमुखचा घाटही कधी चालवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, रिक्षांना वाट देत, गतिरोधकांना नमस्कार करत. ती समोर बघत होती. नवे टायर आवाज करत होते, आणि तो मला गोड लागत होता.

नाक्यावर बाजूला घेऊन थांबलो. ठाण्याची बस आली, कंडक्टरने दार आपटून आरोळी दिली. विद्याने दाराची कडी धरली, बसकडे बघितलं आणि कडी सोडली.

"ही जाऊ दे," ती म्हणाली. "पुढचीने जाते."

बस गेली. माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. मागे रिक्षावाला ओरडत होता, घड्याळ पुढे सरकत होतं आणि ठाण्याचा मोकळा रस्ता समोर दिसत होता. मला वाटलं, म्हणावं, चल, सोडतो शाळेपर्यंत, दहा महिन्यांचं एकदम भरून काढतो.

"इंजिन बंद कर," विद्या म्हणाली.

मी बंद केलं. मग आम्ही दोघं पुढच्या बसची वाट बघत तिथेच बसून राहिलो.